तुमचे प्रश्न : 'काय दिवस होते ते!' म्हणणारे आणि न म्हणणारे

कडक शिस्तीच्या बोर्डिंगमध्ये लहानपण गेलेल्यांनी लिहा, असं मागच्या अंकात सहज सुचवलं होतं, तर मेलबॉक्स भरूनच गेला. निम्म्या पत्रांत 'ते दिवस परत आले तर' आणि निम्मी अशी की एक वाचून झालं की उठून दोन फेऱ्या मारायच्या आणि मग दुसरं उघडायचं. गंमत म्हणजे दोन्हीकडे वर्णन तेच आहे, तीच अंधारातली घंटा, तीच रांग, तोच बुटांचा आवाज करत येणारा रेक्टर. सगळी छापणं शक्य नाही, त्यामुळे ज्यात इतरांचेही प्रश्न येऊन जातात अशी काही निवडलीत, नावं कुणाचीच नाहीत. मी स्वतः बोर्डिंगवाली, तेव्हा अगदी त्रयस्थपणे लिहीन असं काही म्हणत नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ५४. आठव्या वर्षी बोर्डिंगला गेलो तो शाळा संपेपर्यंत तिथेच. आजही जेवायला बसलो की बायकोचे चार घास होईपर्यंत माझं ताट साफ असतं. अलार्म कधी लावला नाही, पावणेपाचला डोळे उघडतातच. टॉवेल, साबण, कंगवा ठरलेल्या जागी लागतो, कुणी हलवला की डोकं सटकतं, अगदी नको तेवढं. मुलगी नेटवर काहीतरी वाचून म्हणते बाबा, तुम्हाला बोर्डिंग स्कूल सिंड्रोम आहे. असं खरंच काही असतं का, की पोरीचं आपलं काहीतरी?

उत्तर : मुलगी हवेतलं बोलत नाहीये. जॉय शावेरियन नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी २०११ मध्ये हे नाव वापरून लेख लिहिला आणि २०१५ मध्ये पुस्तक काढलं. त्यांच्याही आधी निक डफेल म्हणून एकजण १९९० पासून बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांसाठी शिबिरं घेत होते. शावेरियनबाईंचं म्हणणं असं की फार लहानपणी घरापासून तोडलं की चार गोष्टी साठत जातात, आपल्याला सोडून दिलं ही भावना, घर गेल्याचं दुःख, कोंडलेपण, आणि शेवटी आपल्याला काय वाटतंय ते आपल्याच हाताला न लागणं. पण हा डॉक्टरांच्या अधिकृत यादीतला आजार नाही, त्यांच्याकडे उपचारासाठी आलेल्या लोकांवरून त्यांनी हे मांडलंय, आणि उपचाराला येतो तो मुळात ज्याला त्रास होतोय तोच. त्यामुळे होस्टेलला राहिला म्हणजे सिंड्रोम झालाच, असं काही नसतं. लेबल लगेच कपाळावर लावून घेऊ नका.

तुमच्या पत्रात मला जास्त महत्त्वाचा वाटला तो साबण. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एक कल्पना मांडली होती, जिथे झोपणं, काम, खेळ सगळं एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली आणि ठरलेल्या वेळेला चालतं अशा जागांची. त्याच्या यादीत तुरुंग आहे, वेड्यांचं इस्पितळ आहे, लष्करी बराक आहे, मठ आहे आणि हो, बोर्डिंग शाळा पण आहे. अशा ठिकाणी आत घेताना पहिलं काम काय करतात तर तुमचं म्हणून जे काही असतं ते काढून घेतात, कपडे, केस, कधी कधी नाव सुद्धा. मग उरतं काय? एक ट्रंक आणि कॉटच्या डोक्याशी असलेला वीतभर फळीचा तुकडा. आठ वर्षांच्या मुलाची सगळी मालमत्ता तेवढीच, त्यातला साबण कुणी हलवला म्हणजे घरात घुसल्यासारखंच की. तुमचा राग त्या साबणावरचा आहे, बायकोवरचा नाही, हे तिला एकदा सांगून टाका, बराच फरक पडतो.

पावणेपाचला उठणं, भराभर जेवणं या नुसत्या सवयी आहेत, त्रास होत नसेल तर राहू देत. (जेवण मात्र हळू करता आलं तर करा, पुढची घंटा आता होणार नाहीये.) मी तुम्हाला वेगळंच विचारेन. तुम्हाला ताप आला तर घरात कधी कळतं, आल्यावर की उतरल्यावर? मागच्या वेळी खूप वाईट वाटलं तेव्हा कुणाला सांगितलंत? याचं उत्तर 'कुणालाच नाही, सांगायचं काय त्यात' असं असेल तर मात्र मुलीचं म्हणणं मनावर घ्या, एखाद्या चांगल्या समुपदेशकाकडे दोन-चार वेळा जाऊन या.

प्रश्न : आमच्या बॅचचा ग्रुप आहे. दर गेट-टुगेदरला तोच किस्सा निघतो, एकाला सरांनी अख्ख्या डॉर्मिटरीसमोर छडीने फोडून काढलं होतं तो. सगळे लोटपोट, ज्याला मारलं तो सगळ्यात जास्त हसतो. माझ्या पोटात तेव्हाही गोळा आला होता आणि आजही येतो. एकदा तसं बोललो तर म्हणाले, अरे त्या मारामुळेच तर घडलो आपण, तू पहिल्यापासूनच सेन्सिटिव्ह. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही हो. आधी हसणाऱ्यांची बाजू सांगते म्हणजे त्यांच्यावर अन्याय नको. काळ जातो तशी वाईट आठवणीतली वाईट भावना चांगल्या आठवणीतल्या चांगल्या भावनेपेक्षा लवकर फिकी पडते, हे मानसशास्त्रात बऱ्याचदा दिसून आलंय, आणि ती गोष्ट लोकांना सांगत राहिलं तर आणखी लवकर. तुमच्या मित्राने तो किस्सा इतक्या वेळा इतक्या हशात सांगितलाय की आता त्याच्याकडे नुसता किस्साच उरलाय. तो ढोंग करत नाहीये, त्याने त्याच्या परीने ते पचवलंय.

तुमचं तसं झालं नाही कारण तुम्हाला मार बसलाच नव्हता! ऐकायला विचित्र वाटेल. मार खाणाऱ्याला नंतर भाव मिळतो, रात्री चार पोरं कॉटभोवती जमतात, वळ बघतात, तो हिरो होतो. जो रांगेत उभा राहून बघत असतो, पुढचा नंबर आपला तर नाही ना म्हणून घशाला कोरड पडलेली असते, त्याच्याजवळ कोण जाऊन बसतं? त्याला दाखवायला वळ नसतो की सांगायला किस्सा नसतो. ती भीती तुम्ही कुणालाच कधी सांगितली नाही, म्हणून ती होती तशीच राहिली.

आता 'मारामुळे घडलो'. याचा मला जाम कंटाळा आलाय म्हणून जरा सविस्तर. ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते एकदा बघा. मध्येच शाळा सोडून गेलेले आहेत का? नंबर मिळूनही ॲड न झालेले? जे बरे निघाले तेच गेट-टुगेदरला येतात, आणि मग आपणच आपल्याकडे बघून म्हणतो सगळे कसे मस्त घडलो. शिवाय तिथे मार होता तसं मैदान पण होतं, लायब्ररी होती, जीव लावणारी मित्रमंडळी होती, एखादा तरी शिक्षक असा होता की ज्याच्या तासाला वेळ कळायचा नाही, मग घडण्याचं सगळं श्रेय छडीलाच का म्हणून? मुलांना घरी बसणाऱ्या फटक्यांवर झालेल्या ७५ अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१६ मध्ये आला, त्यात दीड लाखाच्या वर मुलं होती, आणि फटक्यांनी मुलं सुधारतात असं त्यात कुठेही दिसलं नाही, दिसला तो जास्त हट्टीपणा, जास्त आक्रमकपणा आणि मनाचे त्रास. तो अभ्यास घरातल्या माराचा आहे, डॉर्मिटरीतल्या छडीचा नाही, पण छडी फटक्यापेक्षा सौम्य होती असं तुमचे मित्र पण म्हणणार नाहीत.

आणि 'तेव्हा सगळीकडे असंच होतं' हे पण पूर्ण खरं नाही. पोलंडमध्ये शाळेतल्या मारावर १७८३ मध्येच बंदी आली होती. स्वीडनने १९७९ मध्ये घरात मारायलाही मनाई केली. ज्या ब्रिटिश शाळांच्या शिस्तीची नक्कल जगभर झाली तिथल्या सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्ये गेली आणि इंग्लंडमधल्या खाजगी शाळांतून १९९९ मध्ये, त्यात बोर्डिंग पण आलं. म्हणजे हे चूक आहे असं वाटणारा तुमच्यासारखा माणूस काही नवीन नाही.

ग्रुपवर याची चर्चा करू नका, तिथे कुणी ऐकत नाही. ज्याला मार बसला त्याला एकट्याला गाठा आणि फक्त एवढंच सांगा की त्या दिवशी मी खूप घाबरलो होतो. पुढे तो काय म्हणतो बघा. मला आलेल्या दोन पत्रांत असंच झालंय आणि दोन्हीकडे समोरचा आधी हसला आणि मग बराच वेळ बोलत राहिला.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे. मला नवव्या वर्षी बोर्डिंगला ठेवलं होतं. परवा कपाट आवरताना मी तिथून पाठवलेली सगळी पत्रं सापडली, तिने रबर लावून जपून ठेवलेली. प्रत्येकात 'मी मजेत आहे, माझी काळजी करू नका, अभ्यास चांगला चालू आहे'. आई म्हणते बघ, हा पुरावा, पहिले दोन दिवस रडलीस आणि मग अशी रमलीस की सुट्टीत घरी आल्यावर पण माझ्या कुशीत येत नव्हतीस, मॅडम पण सांगायच्या छान रुळली म्हणून. मला तर उशीत तोंड खुपसून रडणं आठवतं, बाजूच्या कॉटवरचीला आवाज जाऊ नये म्हणून. मग माझी आठवण खोटी म्हणायची का?

उत्तर : ती पत्रं पुन्हा हातात घ्या आणि मजकूर न वाचता नुसती बघा. सगळ्यांचा मायना शब्दाला शब्द सारखा आहे ना? अक्षर एकसारखं, खाडाखोड नाही, पान बरोबर भरलेलं? बहुतेक बोर्डिंगांत पत्राचा एक तास असायचा, फळ्यावर सुरुवात लिहून दिलेली असायची, आणि पाकीट उघडंच मॅडमकडे द्यायचं, चिकटवायचं त्यांनी. मुलांना कुणी 'खोटं लिहा' असं सांगत नव्हतं, तशी गरजच पडायची नाही. आमच्या डॉर्मिटरीत एक मुलगी दर पत्राच्या शेवटी 'मनीला माझी आठवण सांगा' असं लिहायची. त्यांच्या घरी मांजर नव्हतीच. मला इथे आवडत नाही याचा तो तिचा कोड होता, फक्त तो घरच्यांना सांगायचा राहून गेलेला, त्यामुळे तिकडून दर वेळी उत्तर यायचं, अगं कुठली मनी? आणि आम्ही सगळ्या हसायचो. तुमच्या पत्रांतही अशी एखादी मनी असेल, शोधा. बऱ्याचदा ती शेवटच्या ओळीत असते, कधी येणार, किती दिवस राहिले, असं काहीतरी.

आईचं वाक्य मात्र दोनदा वाचलं मी, 'कुशीत येत नव्हतीस'. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हॉस्पिटलमध्ये एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. तेव्हा आईबापांना भेटायची परवानगी अगदी मोजकी. त्यांना तीन टप्पे दिसले, आधी मूल आकांत करतं, मग हताश होऊन गप्प पडतं, आणि मग हसायला-खेळायला लागतं पण आई आली की तिच्याकडे फारसं बघत नाही. नर्सना वाटायचं रुळलं. रॉबर्टसन म्हणत होते रुळलं नाही, त्याने आशा सोडली. यावर खूप वाद झाला, शेवटी १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनेच सांगितलं की आईबापांना मुलांकडे मोकळेपणाने येऊ द्या. ती मुलं अगदी लहान होती, तुम्ही नऊ वर्षांच्या, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका. पण रडणं थांबलं म्हणजे दुःख संपलं, हा मोठ्यांचा समज तिथेही होता आणि तुमच्या मॅडमचाही होता.

आठवण ही काही रेकॉर्डिंग नसते, दर वेळी आपण ती थोडी नव्याने जुळवतो, हे १९३२ पासून प्रयोगांनी माहीत झालंय, बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञामुळे. त्यामुळे उशीचा रंग, महिना, कॉट खिडकीजवळ होती की दाराजवळ, यात गडबड असू शकते. रात्री आवाज न करता रडायला शिकलात, हे मात्र उगाच कुणी जुळवत बसत नाही.

आईशी पुराव्याचा खेळ खेळू नका. ८१ वर्षांच्या बाईला 'तेव्हा मी दुःखी होते' हे 'तू वाईट आई होतीस' असंच ऐकू येणार, आणि मग ती पत्रांचा गठ्ठा ढालीसारखा पुढे करणार. त्यापेक्षा तिलाच विचारा, मला गेटवर सोडून तू परत गेलीस त्या दिवशी घरी जाऊन काय केलंस? ती पत्रं रबर लावून इतकी वर्षं ठेवलीत, म्हणजे तिलाही काहीतरी धरून ठेवायचं होतंच ना. ती सांगेल तेवढं ऐकून घ्या, तुमचं मग दुसऱ्या दिवशी सांगा. घाई करू नका, पण फार लांबवूही नका.

प्रश्न : बोर्डिंगवर आठवणी लिहितोय. मी अंथरूण ओलं करायचो आणि शिक्षा म्हणून ती चादर सकाळी सगळ्यांसमोर धरून उभं करायचे. हे लिहावं का? नातवंडं वाचतील.

उत्तर : लिहा. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, मुलगे जास्त, आणि ते त्यांच्या हातात नसतं, झोपेतल्या शरीराचं काम आहे, शिक्षेने थांबत नाही. लाज वाटायचीच तर ती चादर धरायला लावणाऱ्याला वाटू दे. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑरवेल यांनी पण आपल्या बोर्डिंगबद्दल हेच लिहिलं, आठव्या वर्षी यासाठी मार खाल्ल्याचं. तो निबंध ते गेल्यावर १९५२ मध्ये अमेरिकेत छापला गेला, पण बदनामीच्या खटल्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये यायला १९६८ उजाडलं, आणि तिथे शिकलेल्या काहींनी लगेच म्हटलं की इतकं काही वाईट नव्हतं ते. तुमच्याही बॅचमधलं कुणीतरी तसं म्हणणार, तयारी ठेवा. नातवंडांची चिंता नको, त्यांच्यापैकीही कुणीतरी सकाळी चादर लपवत असेल.

प्रश्न : मी स्वतः होस्टेलमध्ये वाढलो, फार काही चांगलं आठवत नाही. आता आमच्या दोघांच्या बदलीच्या नोकऱ्यांमुळे दहा वर्षांच्या मुलाला बोर्डिंगला ठेवायचा विचार आहे. मी घाबरतोय ते माझ्यामुळे की खरंच घाबरण्यासारखं आहे?

उत्तर : दोन्ही थोडं थोडं. घराची आठवण येऊन कासावीस होणं जवळपास प्रत्येक मुलाला होतं, बहुतेकांचं निभतं, काहींचं नाही. आधी कधी घराबाहेर न राहिलेलं मूल, फार लहान मूल, आणि ज्याला निर्णयात काही विचारलंच नाही असं मूल, यांना जास्त जड जातं. त्यामुळे आधी त्याला विचारा, खरंच विचारा, सगळं ठरवून झाल्यावर विचारल्यासारखं करू नका. आधी काही दिवस नातेवाईकांकडे एकटं ठेवून बघा. आणि 'नाही आवडलं तर लगेच घेऊन येऊ' हे वचन देऊ नका, या विषयात काम करणारे सगळे हेच सांगतात, कारण मग मूल तिथे राहायला जातच नाही, तुमची वाट बघत बसतं, आणि तुम्ही नाही आलात की खोटे ठरता ते वेगळंच.

शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नंतर बघा. विचारायचं ते हे की फोन कधी करता येतो आणि तेव्हा शेजारी कोण उभं असतं, रात्री पोट दुखलं तर मूल कुणाचं दार वाजवतं, मोठ्या मुलांनी त्रास दिला तर वॉर्डन सोडून आणखी कुणाला सांगता येतं. उत्तर द्यायला वेळ लागला किंवा 'आमच्याकडे असं काही होतच नाही' असं ऐकायला मिळालं तर सरळ परत या. तुमची भीती इथे कामाला येईल बघा, काय विचारायचं हे तुम्हाला इतर पालकांपेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : फिनेलचा वास आला की मी थेट डॉर्मिटरीच्या व्हरांड्यात. फोटो बघून असं होत नाही. का?

उत्तर : वासाचा मेंदूतला रस्ता भावना आणि आठवणींच्या भागांकडे इतर इंद्रियांपेक्षा सरळ जातो, मध्ये थांबे कमी. शब्द किंवा फोटो दाखवून विचारलं तर लोकांना जास्त करून अकरा ते वीस या वयातलं आठवतं आणि वास दिला तर दहाच्या आतलं, असं प्रयोगांत दिसलंय. तुम्ही बोर्डिंगला किती वर्षांचे असताना गेलात ते लिहिलं नाही, पण दहाच्या आतच असणार असा माझा अंदाज.

प्रश्न : शाळेत माझं टोपणनाव जे होतं ते इथे छापता येणार नाही. बॅचमधले अजून त्याच नावाने हाक मारतात, परवा एकाने ऑफिसमध्ये येऊन माझ्या टीमसमोर मारली. सगळे खो-खो हसले. पन्नाशीत आता काय बोलायचं?

उत्तर : जो सगळ्यात जास्त वापरतो त्या एकालाच फोन करा आणि हसत-बिसत न बसता सांगा की हे नाव मला तेव्हाही आवडत नव्हतं, आता बंद कर. मग दोन-तीन वेळा त्या नावाला ओ देऊ नका. बाकीचे आपोआप थांबतील. फक्त हे ग्रुपवर टाकू नका, तिथे टाकलंत तर संध्याकाळपर्यंत नवीन नाव पडेल.